नवे टायर टाकल्यापासून ९० ला स्टिअरिंग थरथरतंय

रानजाई (धागाकर्ती), शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. वाहन विभागातला माझा पहिलाच धागा, चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी २०१६ ची स्विफ्ट, पेट्रोल. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने मूळच्या १४ इंची लोखंडी रिम काढून बाहेरच्या १५ इंची अलॉय टाकल्या आहेत. टायर अगदी गुळगुळीत झाले होते म्हणून तीन आठवड्यांपूर्वी चारही नवे टाकले, १८५/६५ आर १५. दुकान घराजवळचं, नाव सांगत नाही. अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह सगळं झालं, बिलही चुकतं केलं.

पुण्यात फिरताना गाडी लोण्यासारखी. पुढच्या रविवारी सासऱ्यांना घेऊन पनवेलला निघाले. उर्से टोलनाका सोडला, पाचवा टाकला आणि ८५ च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. ९५ ला सर्वात जास्त. हातातल्या बांगड्या स्टिअरिंगवर वाजत होत्या, खरंच. ८० ला आणलं की गायब. द्रुतगती मार्गावर १०० ची मर्यादा आणि डोक्यावर कॅमेरे, त्यामुळे पुढचं विचारू नका. एकदाच ओव्हरटेक करताना १०८ दिसले तेव्हा थरथर जरा कमी वाटली. बाबा शेजारी हँडल धरून बसले होते. "जुनेच टायर बरे होते," एवढंच म्हणाले.

दुकानात दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा चाकं परत मशीनवर चढवली. "मॅडम, मशीन झिरो दाखवतंय, आता अजून काय करू?" दुसऱ्या वेळी नवऱ्याला सोबत नेलं, तर तेच वाक्य मॅडमच्या जागी सर घालून त्याला सांगितलं.

आता कुठे बघू?

उंडगा, शनिवार, रात्री १०:३१

अलाइनमेंट परत करा. नक्की तेच आहे. माझीही गाडी अशीच डावीकडे ओढत होती.

तिसरा_गिअर, शनिवार, रात्री १०:४४

उंडगा, तुमची ओढत होती, त्यांची थरथरतेय. दोन वेगळे आजार आहेत. आपल्याकडे "अलाइनमेंट-बॅलन्सिंग" हा चहा-बिस्किटासारखा एक शब्द झालाय म्हणून हा घोळ होतो. चाकांची दिशा चुकली तर गाडी एका बाजूला जाते, स्टिअरिंग सरळ रस्त्यावर वाकडं राहतं, टायर एका कडेने झिजतो. ठराविक वेगाला थरथर आली तर फिरणारं काहीतरी एका बाजूला जड आहे किंवा गोल नाही.

मीठभाकर, शनिवार, रात्री ११:०२

नायट्रोजन भरून बघा. फरक पडतो.

तिसरा_गिअर, शनिवार, रात्री ११:०५

पाकिटात पडतो.

मीठभाकर, शनिवार, रात्री ११:०६

:हहगलो: बरं बाबा.

जुना_फिटर, रविवार, सकाळी ६:५०

ताई, कोल्हापुरात उद्यमनगरला माझं गॅरेज होतं. आता मुलगा बघतो, मी सकाळी फोनवर बसून असले धागे वाचतो. चार गोष्टी सांगा, मग बोलू.

थरथर हातात येते का बुडाखाली? हातात म्हणजे बहुतेक पुढची चाकं, सीटमध्ये आणि पायाखाली म्हणजे मागची. ब्रेक मारताना वाढते का? फक्त ब्रेकलाच येत असेल तर टायर सोडा, डिस्क बघा. ९५ ला असताना ॲक्सिलरेटर सोडून न्यूट्रल केलं तर जाते का? जात असेल तर ड्राइव्हशाफ्टचा (इंजिनाचा जोर चाकाला नेणारा दांडा) आतला जॉइंट नाहीतर इंजिनाचं माउंटिंग. हे मोकळा सरळ रस्ता बघून करा, घाटात नको. आणि चौथं, कुठल्या चाकाला बॅलन्सिंगची किती वजनं (रिमला चिकटवलेल्या धातूच्या पट्ट्या) चिकटवलीत ते बॅटरी मारून बघा.

शिवाय टायरच्या बाजूला रिमच्या काठाला लागून एक बारीक उंचवट्याची रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत गेली असेल तर टायर रिमवर नीट बसलाच नाही. हवा सोडून, कडेला साबणपाणी मारून परत बसवायला लागतो. मशीन काहीही दाखवू दे.

रानजाई, रविवार, दुपारी ४:२०

काका, मनापासून आभार. आज सकाळी परत तळेगावपर्यंत जाऊन आले.

हातातच येते. सीटला नाममात्र. ब्रेकने वाढत नाही. न्यूट्रल केलं तरी तश्शीच, वेग उतरेल तशी विरत जाते. टायरची रेघ चारही चाकांना सारखी आहे, पट्टी लावून बघितली (शेजारचे काका गॅलरीतून बघत होते, त्यांना वाटलं मी फुटपट्टीने टायर मोजतेय. मोजतच होते म्हणा).

वजनं: पुढच्या डाव्या चाकाला आतून ३५ ग्रॅम आणि बाहेरच्या बाजूला २०. पुढच्या उजव्याला आतून १५, बाहेर ३०. पण डाव्या चाकात आणखी एक काळवंडलेली पट्टी आहे, नव्याच्या जवळजवळ समोर. ती जुनी असावी का?

जुना_फिटर, रविवार, संध्याकाळी ५:०५

जुनीच. नवा टायर टाकताना जुनी वजनं खरवडून काढायची असतात. ठेवली म्हणून मशीन खोटं बोलतं असं नाही, ते आहे त्या चाकाला धरून हिशेब सांगतं. पण जुनं वजन एका बाजूला ओढतंय म्हणून समोर नवं लावलं, याचा अर्थ पोराला घाई होती. घाई एका ठिकाणी केली म्हणजे दुसऱ्या ठिकाणीही केली असणार.

अर्धा_इंजिनिअर, रविवार, संध्याकाळी ६:४०

धागा रंगतदार होतोय. थोडा हिशेब करू द्या, बरेच दिवसांनी हात शिवशिवतोय.

१८५/६५ आर १५ टायरचा व्यास साधारण ६२ सेंटिमीटर. १०० च्या वेगाला हे चाक सेकंदाला १४ फेरे मारतं. रिमच्या काठाला, म्हणजे मध्यापासून १९ सेंटिमीटरवर, २० ग्रॅमचा फरक राहिला तर तो चाकाला बाहेर ओढतो ३० न्यूटनने. म्हणजे चार लिमलेटच्या गोळ्यांएवढं वजन तीन किलोचा दणका देतं, तेही सेकंदाला १४ वेळा, कधी वर कधी खाली. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ५० ला तो पाऊण किलोच राहतो आणि गावात काही कळत नाही.

मग १०८ ला कमी का वाटलं? चाक, हब (गाडीचा ज्यावर चाक बसतं तो भाग), ब्रेक हा स्प्रिंगखालचा सगळा गोळा झोपाळ्यासारखा असतो, त्याची स्वतःची झुलायची लय असते. साध्या कारमध्ये सेकंदाला १० ते १५ च्या आसपास. चाकाचे फेरे त्या लयीशी जुळले की थरथर फुगते, पुढे गेलं की उतरते. झोपाळ्याला चुकीच्या वेळी धक्का दिला तर उंच जात नाही, तसंच. म्हणजे रानजाई यांच्या कानाला... चुकलो, बांगड्यांना जे जाणवलं ते बरोबर आहे.

शेवंता_पाटील, रविवार, रात्री ८:१५

वाचनखूण साठवली. एक भाबडी शंका. नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो तो कशाचा? आमच्या दुकानदाराने "कंपनीचा टिळा" म्हणून सांगितलं होतं. :फिदी:

जुना_फिटर, रविवार, रात्री ८:४०

टायर जिथं सगळ्यात हलका तिथं पिवळा ठिपका. तो व्हॉल्व्हसमोर आणून बसवायचा, कारण व्हॉल्व्हच्या बाजूला रिमला थोडं जास्त वजन असतं. दोन्ही एकमेकाला सांभाळून घेतात, वजनं कमी लागतात. लाल ठिपका वेगळा, तो टायर जिथं सगळ्यात उंच किंवा कडक भरतो तिथला. टिळा म्हणायला हरकत नाही, पण लग्न लावताना बघायचा असतो, नंतर नाही.

अण्णा_फोंडेकर, रविवार, रात्री ९:३०

आमच्याकडे गोव्यात पावसाळ्यात अर्ध्या गाड्या अशाच हलतात. लाल माती रिमच्या आतल्या बाजूला थापली जाते आणि ऊन पडलं की विटेसारखी घट्ट. एकदा मडगावहून येताना स्टिअरिंग असं हललं की मी बेअरिंग बदलायला निघालो होतो. मुलाने नळी लावून आतून धुतलं, मूठभर चिखल पडला, गाडी गप्प. खर्च एक बादली पाणी. ताईंनी बॅलन्सिंगआधी रिम आतून धुतलं होतं का?

श्टुटगार्टकर, सोमवार, पहाटे २:१०

अण्णा, इकडे तुमच्या चिखलाच्या जागी बर्फ. थंडीत रात्रभर बाहेर उभी केलेली गाडी सकाळी हायवेला काढली की आत चिकटलेल्या बर्फाने अशी थडथडते की नवखा माणूस सरळ गॅरेज गाठतो. लाकडी उलथन्याने खरवडायचं, झालं.

जर्मनीत वर्षातून दोनदा चाकं बदलतात, ऑक्टोबरात हिवाळी, ईस्टरला उन्हाळी. त्यामुळे प्रत्येक घराला चाकांचं शास्त्र थोडंफार येतंच. माझ्या शेजारीण आजी पंचाहत्तरीच्या आहेत, टॉर्क पाना (नट मोजून ठराविक जोरानेच आवळायचा) घेऊन स्वतः आवळतात. बदलून झाल्यावर ५० किलोमीटर चालवून नट परत तपासा असं बिलावरच छापलेलं असतं. आणि हो, शिशाची वजनं इथे २००५ पासून बंद आहेत, जस्ताची किंवा लोखंडाची लावतात.

रानजाई, तुमच्याकडे नट गनने (आवळायच्या यंत्राने) आवळले का हाताने? गनने एका बाजूचा नट आधी करकचून आवळला की चाक तिरपं बसू शकतं.

रानजाई, सोमवार, सकाळी ९:२५

गनने. टर्रर्र टर्रर्र करत चारही नट दहा सेकंदांत. रिम धुतले नव्हते, पण आत चिखल नाही, बघितलं.

नागपुरी_संत्रं, सोमवार, दुपारी १२:५०

थोडं अवांतर. समृद्धीवर १२० ची परवानगी आहे म्हणून लोक नवे टायर टाकून थेट नागपूर-शिर्डी निघतात. आधी १०० किलोमीटर आरामात चालवा राव. नव्या टायरवर साच्यातून निघताना लागलेला चिकट थर असतो, पकड यायला वेळ लागतो. शिवाय बसवताना कडेला लावलेली पेस्ट ओली असते. पहिल्याच दिवशी जोरात ब्रेक मारले तर टायर रिमवर थोडा सरकतो आणि केलेलं बॅलन्सिंग वाया जातं. आमच्याकडे काँक्रीटवर आवाजही वेगळा येतो, त्याला थरथर समजू नका. डांबरी पट्ट्यावर थांबला तर तो रस्त्याचा आवाज.

जुना_फिटर, सोमवार, दुपारी ३:३५

नागपूरवाल्यांचं बरोबर. ताई, आता असं करा. दुसऱ्या दुकानात जा, पुढची दोन्ही चाकं उतरवा आणि समोर उभं राहून बघा. बसायला खुर्ची दिली तरी बसू नका.

मशीनला तीन मापं द्यायला लागतात: मशीनपासून रिमच्या काठाचं अंतर, रिमची रुंदी आणि व्यास. रुंदी चिमट्यासारख्या कॅलिपरने मोजतात. आधीच्या गाडीची मापं तशीच ठेवून पुढचं चाक चढवणारे महाभाग आहेत. मग मशीन बिनधास्त चुकीचे ग्रॅम सांगतं, आणि तेवढे लावूनही चाक नीट बॅलन्स होत नाही.

दुसरं, बहुतेक मशीन ५ ग्रॅमच्या आतलं असेल तर शून्यच दाखवतात. खरा आकडा बघायला एक बटण असतं, ते दाबायला सांगा.

तिसरं महत्त्वाचं. शून्य आल्यावर चाक सैल करायला लावा, शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून परत आवळा आणि परत फिरवा. तरी शून्य किंवा ५ आलं तर चाक मशीनवर बरोबर मध्यावर बसलंय. १५-२० आलं तर कोन (चाक मशीनवर मध्यावर धरणारा शंकू) खराब आहे किंवा चाक वाकडं बसवलंय, आणि आधीचं सगळं बॅलन्सिंग पाण्यात. हे सांगितलं की पोरगं तोंड वाकडं करतं. करू दे.

रानजाई, बुधवार, रात्री ९:४८

आज गेले. दुसरं दुकान, सिंहगड रोडला. इथला मुलगा विशीतला, पण मी अर्धा फेरा फिरवायला सांगितल्यावर तोंड वाकडं न करता म्हणाला, "कुणी शिकवलं तुम्हाला?" मी म्हटलं कोल्हापूरच्या काकांनी.

सगळ्या जुन्या पट्ट्या काढल्या, रिम पुसल्या, मापं नव्याने घेतली. डाव्या चाकाला एकूण ५५ च्या जागी ३५ ग्रॅमच लागले. उजव्याला जवळपास तेवढेच. अर्धा फेरा फिरवून परत घेतलं: डावं शून्य-शून्य, उजवं शून्य-पाच. बटण दाबून आकडा बघितला, दोन-तीन ग्रॅम. म्हणजे पास ना? इथे वजनाचे पैसे ग्रॅमवर घेतात, अडीच रुपये ग्रॅम. सोनाराकडे बसल्यासारखं वाटलं.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुढे सातारा रस्त्यावर खेड-शिवापूरपर्यंत जाऊन आले. फरक आहे, पण गेलेली नाही. आधी दहा होती तर आता सात. बांगड्या अजून वाजतात.

उंडगा, बुधवार, रात्री १०:१०

बांगड्या काढून चालवा. :पळा:

रानजाई, बुधवार, रात्री १०:१२

तुमचा पत्ता द्या, गाडी घेऊन येते.

तिसरा_गिअर, बुधवार, रात्री १०:५५

उंडग्याला सोडा. आता डोकं लावायची वेळ. चाक मशीनवर दोनदा पास झालं, तेही फिरवून. म्हणजे मशीनवरचं चाक आणि गाडीवरचं चाक यांत काय वेगळं आहे? एकच: मशीनवर ते कोनाने मधल्या भोकात बसतं, गाडीवर हबवर. दोष तिथे आहे किंवा त्याच्याही आत, बेअरिंग वगैरे. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून बघा. थरथर सीटमध्ये गेली तर चाकंच. हातातच राहिली तर पुढचा हब.

जुना_फिटर, गुरुवार, सकाळी ६:३०

बरोबर बोलला. चाकं उतरवली की हबचा तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. पुणे-मुंबईच्या पावसात तिथं पापुद्रे धरतात. त्यावर चाक टेकलं की तिरपं बसतं. मला तेच वाटतंय.

रानजाई, रविवार, दुपारी १:१५

सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅक लावून चाकं काढली. हँडब्रेक, गिअर, मागच्या चाकांना विटा, सगळं केलं. नवरा नट सैल करायला, मी बाकी सगळ्याला. गॅलरीतले काका आज खाली उतरले, उभ्या उभ्या सूचना देत होते.

हबवर गंज होता, काढला. पण एक विचित्र गोष्ट दिसली, मूर्खपणाचा प्रश्न असेल तर हसा. मागची चाकं काढताना जोर लागला, आतून बुटाने ठोकावं लागलं. पुढची मात्र नट काढल्याबरोबर लोंबकळली. मागच्या दोन्ही चाकांच्या मधल्या भोकात काळ्या प्लास्टिकचं एक जाड कडं आहे, बांगडीएवढं. पुढच्या दोन्ही चाकांत तसलं काही नाही, आणि हबचं टोक त्या भोकात इतकं सैल आहे की कडेने माझी करंगळी जाते.

मागच्या आणि पुढच्या चाकांत असा फरक असतो का?

जुना_फिटर, रविवार, दुपारी १:२१

नसतो. सापडलं ताई. मी गंजावर बोट ठेवलं होतं, चोर शेजारच्या घरात होता.

बाहेरच्या अलॉय रिमला मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे एकच रिम दहा गाड्यांना विकता येते. तुमच्या गाडीच्या हबचं टोक लहान. दोघांतली जागा भरायला ते कडं असतं, हबरिंग म्हणतात. चाक मध्यावर धरायचं काम त्याचं. ते नसलं की चाक फक्त चार नटांच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) मध्य शोधतं, आणि गनवाल्याने एक नट आधी आवळला की जिथं असेल तिथं अडकतं.

मशीनवर कोन त्या मोठ्या भोकातच बसतो, म्हणून तिथं चाक बरोब्बर मध्यावर. शून्य खरं होतं. गाडीवर आलं की मध्य सरकला. पहिल्या दुकानात कोन घालताना कडी आडवी आली असतील, काढून बाजूला ठेवली आणि राहिली. हे मी माझ्या गॅरेजातही एकदा होताना बघितलंय, तेव्हा पोराला फार बोललो होतो.

मागच्या कड्याच्या आत मापं लिहिलेली असतात, वाचा.

रानजाई, रविवार, दुपारी १:४०

मोबाइलच्या बॅटरीत वाचलं. ७३.१ – ५४.१.

अर्धा_इंजिनिअर, रविवार, दुपारी २:३०

म्हणजे रिमचं भोक ७३.१ मिलिमीटर आणि हब ५४.१. व्यासात १९ मिलिमीटरची मोकळीक! नट काही इतकं सरकू देणार नाहीत, पण समजा चाक अर्धाच मिलिमीटर बाजूला बसलं. टायर-रिम मिळून १५ किलो धरा. १५,००० ग्रॅम गुणिले ०.५ मिलिमीटर, भागिले रिमच्या काठाची त्रिज्या १९० मिलिमीटर. उत्तर येतं जवळजवळ ४० ग्रॅम. नखाच्या जाडीएवढा फरक आणि ४० ग्रॅमचं वजन चुकीच्या जागी लावल्यासारखं! वर टायरही तेवढा अर्धा मिलिमीटर वर-खाली होतो ते वेगळंच.

आणि प्रत्येक वेळी चाक काढून लावलं की ते नव्या जागी अडकणार. म्हणून बुधवारी दहाची सात झाली. उद्या काढून लावलं असतं तर कदाचित बारा झाली असती.

तिसरा_गिअर, रविवार, दुपारी ३:००

दंडवत. सगळ्यांना.

जुना_फिटर, रविवार, दुपारी ३:१०

कडी मिळेपर्यंत एक उपाय. चाक हवेत असताना चारही नट हाताने लावा, समोरासमोरच्या जोडीने. हाताने आवळत असताना चाक हलवत राहा, म्हणजे टेपर आपोआप मध्याकडे ओढतो. मग पान्याने अर्धवट, तेही समोरासमोर. जमिनीवर टेकवून शेवटचं आवळणं. मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो, टॉर्क पाना असेल तर त्याप्रमाणे. पान्यावर उभं राहून उड्या मारायच्या नाहीत, स्टड (नट ज्यावर फिरतो तो बोल्ट) लांबतो.

रानजाई, सोमवार, रात्री ८:५०

काकांच्या पद्धतीने लावलं, सातची तीन झाली.

पहिल्या दुकानात फोन केला. "कसलं कडं? आमच्याकडे नाही." संध्याकाळी स्वतः गेले. मशीनखाली एक पत्र्याचा डबा असतो, उपटलेल्या जुन्या वजनांचा. मी म्हटलं डबा बघू. मालक म्हणाले बघा. वजनांच्या ढिगात तळाशी एक कडं सापडलं, चिरलेलं. दुसरं नाहीच. मालकांचा चेहरा पडला, बॅलन्सिंगचे पैसे परत देऊ केले, मी घेतले. भांडायला गेले होते, पण त्यांनी चहा मागवला आणि काम करणाऱ्या मुलाला कडं हातात घेऊन समजावून सांगायला लागले. मग काय भांडणार.

चारही नवी कडी मागवली आहेत. जुनी दोन ठीक दिसतात, तरी उन्हातान्हाने ठिसूळ झाली असणार. ॲल्युमिनियमची घ्यावी का प्लास्टिकची?

श्टुटगार्टकर, मंगळवार, पहाटे १:३०

दोन्ही चालतात. ॲल्युमिनियमचं कडं हबला गंजून चिकटतं, आमच्याकडे बर्फासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात त्यामुळे फार. प्लास्टिकचं ब्रेकच्या उष्णतेने कधीतरी मऊ पडतं किंवा चिरतं. मी प्लास्टिकची वापरतो आणि दोन-तीन वर्षांनी बदलतो.

शेवंता_पाटील, मंगळवार, सकाळी १०:०५

माझ्या गाडीला कंपनीतूनच अलॉय आलेत. चाक काढून बघितलं, कडं नाही. घाबरू का?

जुना_फिटर, मंगळवार, सकाळी १०:२०

नको. कंपनीच्या रिमचं भोक त्याच हबच्या मापाने केलेलं असतं, कड्याची गरजच नाही. बाहेरून घेतलेल्या रिमलाच बघायचं.

रानजाई, रविवार, संध्याकाळी ७:३५

शेवटचा रिपोर्ट.

कडी आली, चारांचे साडेपाचशे. पुढच्या हबला लावताना अंगठ्याने दाबावी लागली, टक् आवाज करून बसली. चाक चढवलं तर ते हबवर स्वतःच उभं राहिलं, नट न लावता. आधी हे कधी झालंच नव्हतं आणि मला ते माहीतही नव्हतं.

आज पनवेलला जाऊन आलो. हातात काही नाही. ९५ ला सीटखाली किंचित गुणगुण आहे. घरी आल्यावर मागचं डावं चाक उचलून, विटेवर पेन्सिल ठेवून फिरवलं, तर रिम एका जागी दीड-दोन मिलिमीटर आत वाकलेली दिसते. आधीच्या मालकाचा कुठलातरी खड्डा. सध्या तशीच मागे ठेवते, सरळ करून मिळते का ते नंतर बघू.

जाताना उर्से सोडल्यावर मी मुद्दाम काही बोलले नाही. खालापूरच्या नाक्यावर गाडी थांबली तेव्हा बाबांना जाग आली. म्हणाले, "घाट संपला?"